बक्षिसी तिकिटात धरून

आमच्या तिकिटावर स्वच्छ छापलेलं होतं, की कर्मचाऱ्यांची बक्षिसी भाड्यातच धरलेली आहे. हे वाक्य वाचून ज्याला हायसं वाटतं आणि जो पुढचं पान उलटतो, तो माणूस सुखी. मी पान उलटलं नाही. मी त्या वाक्याचा विचार करत बसलो, आणि त्या विचारापायी एका भल्या माणसाचं नुकसान करून बसलो. शिवाय बायकोच्या नजरेतून जो उतरलो, तो अजून पुरता वर चढलेलो नाही.

सहल साधीच होती. साउदॅम्प्टनहून निघायचं, नॉर्वेच्या खाड्या पाहायच्या, भरपूर खायचं आणि परत यायचं. माझ्या बायकोच्या, मेरियनच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. मी आपलं जवळचं, समुद्रकाठचं स्कारबरो सुचवलं. मेरियन म्हणाली, स्कारबरोला हवा असते, पालट नसतो. मग जहाज ठरलं.

आता जहाज म्हटलं की बॅरी स्टॅनिफोर्थ आलाच. बॅरी आमचा शेजारी. त्याच्या आणि आमच्या बागेमध्ये झुडपांचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणावरून तो गेली कित्येक वर्षं आमच्याकडे सल्ले टाकतो. आमचा बॉयलर कुणाकडून दुरुस्त करावा, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर काढावा, मेरियननं कोणत्या कुशीवर झोपावं, सगळं. तो आणि त्याची बायको ग्लेनिस इतक्या वेळा जहाजानं हिंडून आलेत, की बॅरी स्वतःच्या घरातल्या जिन्यालासुद्धा ‘डेक’ म्हणतो. आमचं ठरल्याचं कळताच त्यानं त्याच जहाजावर, आमच्या समोरचीच केबिन घेतली. “तुम्हाला सोबत,” म्हणाला. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

“हे बघ हेडली,” कुंपण कापायची मोठी कात्री माझ्यावर रोखून तो म्हणाला, “बक्षिसी धरलेली आहे म्हणजे धरलेली आहे. वर एक पेनी सोडायची नाही. तू दिलीस की ते माझ्या तोंडाकडे बघणार. अमेरिकन लोकांनी असंच सगळं जग नासवून ठेवलंय.”

“पण एखाद्यानं फारच मनापासून केलं आपलं, तर?”

“तर हसायचं. हसायला पैसे पडत नाहीत. मी शेवटच्या दिवशी एकेकाच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवतो. लेकांच्या डोळ्यांत पाणी येतं.”

त्याच्यामागे ग्लेनिस गुलाबाची सुकलेली फुलं खुडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

घरात येऊन मी मेरियनला हे सांगितलं. ती म्हणाली, “तू बॅरीला विचारलंस? बॅरीला? आपल्या मुलीच्या लग्नात स्वतःच दिलेला टोस्टर वापरत नसाल तर परत द्या, असं म्हणणाऱ्या माणसाला?”

“त्याला अनुभव आहे.”

“अनुभव आहे, लाज नाहीये. जास्तीचे द्यायचे असतात हेडली. आवडलेल्या माणसाला थोडे वेगळे द्यायचे असतात. आणि एवढा विचार नसतो करायचा.”

एवढा विचार नसतो करायचा! हे ती म्हणू शकते, कारण तिची आई वेल्सची. आम्ही अस्सल इंग्रज माणसं. पैशाचं नाव काढायचं झालं की आमचा आवाज जितका खाली जातो, तितका मूळव्याधीबद्दल बोलतानाही जात नाही. मी पाणीपुरवठा खात्यात आयुष्य काढलं, पण मला पगार किती होता हे माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही. त्यानं कधी विचारलं नाही, मीही त्याचा विचारला नाही, आणि म्हणूनच आमचे संबंध उत्तम आहेत. अशा माणसाला एका अनोळखी माणसाच्या हातात नोट ठेवायची म्हणजे त्याच्या देखत कपडे उतरवण्यापैकी आहे. तेव्हा मी आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे निर्णय घेतला: शेवटच्या दिवशी बघू.

शेवटच्या दिवसापर्यंत गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण आमच्या केबिनीला रॉडेलिओ होता.

हा फिलिपाइन्सचा. चाळिशीचा, ठेंगणा, चालताना पावलांचा आवाज न करणारा. आमच्या मजल्यावर आमच्या ओळीतल्या केबिनी झाडायच्या, बिछाने घालायचे, टॉवेल बदलायचे, हे त्याचं काम. मेरियन काठी टेकत केबिनीत शिरली, ती त्यानं एकदाच पाहिली. आम्ही जेवून येतो तो काय, न्हाणीघरात बसून अंघोळ करायचं स्टूल, पलंगाखाली चार ठोकळे घालून पलंग उंच केलेला, आणि खुर्चीवर जादा उशी. कुणी मागितलं नव्हतं. हॉस्पिटलनं हेच सामान द्यायला आमच्याकडून तीनदा अर्ज भरून घेतला होता. मेरियन त्या स्टुलाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “हेडली, मी या माणसाला घरी घेऊन जाणार.”

समुद्र खवळला त्या दिवशी त्यानं तिला आल्याची बिस्किटं आणून दिली. आमची चहाची पिशवी घरची असते, जहाजावरचा चहा आम्हाला चालत नाही, हे त्यानं ओळखलं आणि किटलीशेजारी आमच्याच पिशव्या मांडून ठेवायला लागला. तो टॉवेलांचे प्राणी करून पलंगावर ठेवायचा. त्यातला एक प्राणी कुठला यावरून माझा आणि मेरियनचा वाद झाला. मी म्हणालो पाणघोडा. तिनं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “मॅडमना काय वाटतं?” ती म्हणाली हत्ती. तो म्हणाला, “हत्तीच आहे, मॅडम.” माझ्याकडे पाहून त्यानं हळूच डोळा मिचकावला. असा माणूस मला आवडतो.

मेरियननं त्याला बोलतं केलं. ती दगडालाही बोलतं करते. मुलगी ॲनालिन, नर्सिंगच्या कॉलेजात. तिचे फोटो मेरियननं मागून घेऊन पाहिले. आणि मुख्य गोष्ट त्यानं सांगितली, ती अशी: “ही फेरी नीट पार पडली ना मॅडम, की पुढच्या फेरीपासून मी या मजल्याचा सुपरवायझर. आमच्या वरच्या कोवाच मॅडमनी कबूल केलंय. एकही तक्रार नको, बास. सुपरवायझरला नाताळात घरी सोडतात. ॲनालिन एवढीशी होती, तेव्हा मी शेवटचा नाताळात घरी होतो.” आणि त्यानं हात गुडघ्यापाशी नेऊन दाखवला.

तो गेल्यावर मेरियन म्हणाली, “याला वेगळं द्यायचं. शेवटच्या दिवशी नाही. आत्ता.”

“आत्ता दिलं तर लाच दिल्यासारखं दिसेल.”

“आणि शेवटी दिलं तर?”

“पगार दिल्यासारखं.”

“आणि दिलंच नाही तर बॅरीसारखं दिसेल,” ती म्हणाली.

आता अडचण अशी, की माझ्या पाकिटात नोटच नव्हती. आमच्या चेस्टरफील्डमध्ये न्हावी कार्ड घेतो, बाजारातला चीजवाला कार्ड घेतो, चर्चच्या दानपेटीवरसुद्धा कार्ड टेकवलं की ती ‘टिक्’ करून आशीर्वाद देते. जहाजावर तर सगळंच खात्यात मांडलं जातं. म्हणून मी स्वागतकक्षात गेलो. तिथं इल्झे नावाची लॅटव्हियाची मुलगी होती, अतिशय नम्र, म्हणजे जिच्याशी भांडता येत नाही अशी.

“मला थोडी रोख रक्कम हवी होती,” मी आवाज खाली आणून म्हणालो.

“जहाजावर रोख चालत नाही, सर. कशासाठी हवी होती?”

माझ्यामागे रांग होती. मी आवाज आणखी खाली आणला. “एका माणसाला... म्हणजे आपलं... कौतुक म्हणून.”

“बक्षिसी?” ती मोठ्यानं म्हणाली. रांगेतल्या सगळ्यांनी छताकडे पाहिलं. “ती तिकिटात धरलेली आहे, सर. पण वर द्यायची असेल तर ॲपमध्ये ‘मनापासून आभार’ असं बटण आहे. ते दाबा.”

“की ते रॉडेलिओला मिळतील.”

“की ते जहाजावरच्या सर्वांना मिळतील, सर. समान वाटून.”

“सर्वांना? दुपारी लाउंजमध्ये सॅक्सोफोन वाजवतो त्यालाही?”

“त्यालाही, सर.”

त्या माणसाला मी दोन दुपारी ऐकलं होतं. तो थांबणार असेल तर मी वेगळे पैसे मोजायला तयार होतो. पण मागे रांग उभी असताना, एवढी चौकशी करून, काहीच न करता निघून जाणं आमच्यात बसत नाही. मी बटण दाबलं. सॅक्सोफोनवाल्याला मनापासून आभार पोचले. रॉडेलिओला त्यातला जो काही कण मिळाला असेल, तो माझ्याकडून आला हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

नॉर्वेतल्या बर्गेनला उतरल्यावर मी मशीन शोधून पैसे काढले. मशीननं पाचशे क्रोनरची एकच एक नोट बाहेर ढकलली. ही रक्कम आमच्या हिशेबानं फार नव्हे, पण अगदी थोडकीही नव्हे. जरा सुटे करून घ्यावेत म्हणून मी वॅफलच्या गाडीवर गेलो, तर तिथल्या बाईनं माझ्या नोटेकडे असं पाहिलं, जणू मी वॅफलच्या बदल्यात कोंबडी देऊ करतोय. “कार्ड नाही का?” तिनं विचारलं. मी कार्डानं वॅफल घेतलं. ते मला नको होतं. पावसात उभा राहून खाल्लं.

नेमका बॅरी तिथे उगवला. “पाचशेची नोट! कुणासाठी रे? त्या टॉवेलवाल्यासाठी?” आणि त्यानं पाठीवर थाप मारली. “दे, दे. पुढच्या वेळी तो तुझ्या उशीवर टॉवेलाचा बकरा करून ठेवील. बळीचा!”

मी म्हणालो, “छे, छे, सहज काढली. आठवण म्हणून.” म्हणजे मी नोटेच्या बाबतीत पहिलं खोटं तिथे बोललो. पुढची त्याच रांगेत उभी होती.

केबिनीत येऊन मी नोट एका कागदी पाकिटात घातली. पाकिटावर रॉडेलिओचं नाव लिहिणार होतो, पण ते पगाराच्या पाकिटासारखं दिसायला लागलं. ‘धन्यवाद’ लिहावं तर शाळेतल्या बक्षीस-समारंभासारखं. शेवटी कोरं पाकीट उशीवर ठेवलं आणि आम्ही चहाला गेलो. न लिहिलेलं जास्त चांगलं कळतं, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. या श्रद्धेनं आमच्यातली किती लग्नं मोडली आणि किती टिकली, याचा कुणी अभ्यास करायला हवा.

चहा होऊन परत येऊन बसतो तोच दारावर टकटक. दारात कोवाचबाई. ह्या साऱ्या केबिनींच्या मुख्य. हंगेरीच्या, इस्त्री केलेल्या, चेहऱ्यालाही इस्त्री. त्यांच्या हातात पारदर्शक पिशवी आणि पिशवीत माझं पाकीट. मागे रॉडेलिओ, ताठ उभा, चेहरा उजळलेला. आणि समोरच्या केबिनीचं दार उघडं, त्यात बॅरी, कान टवकारून.

“मिस्टर विगमोर, ही रोख रक्कम आपल्या पलंगावर सापडली. पाकिटावर नाव नाही. आमच्या नियमानं अशी रक्कम आमची माणसं हरवलेली म्हणून जमा करतात. ही आपलीच का?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. “नाही, ती रॉडेलिओची आहे.” बास. मी बॅरीकडे पाहिलं. बॅरी हसायच्या तयारीत होता. कोवाचबाई पेन काढून उभ्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, “अरे वा! सापडली का? केव्हापासून शोधतोय!”

“मी म्हटलंच मॅडमना,” रॉडेलिओ आनंदानं म्हणाला, “सर काळजीत असतील.”

“रॉडेलिओच्या प्रामाणिकपणाची नोंद होईल,” कोवाचबाई म्हणाल्या. मी त्यांच्या कागदावर सही केली. दार लागलं. न्हाणीघरातून मेरियनचा आवाज आला. आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत असला की मला धडकी भरते.

“हेडली. तू त्या माणसाला दिलेले पैसे आत्ता परत घेतलेस. वर सही केलीस.”

मला इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. त्या घडीला सगळं ठीक होतं. रॉडेलिओच्या नावावर एक चांगली नोंद झाली होती, बढती पक्की होती, मी गप्प बसलो असतो तर तो सुपरवायझर होऊन नाताळात घरी गेला असता. जगातलं बरंच भलं माणसं गप्प बसल्यामुळे होत असावं. पण माझ्या स्वाभिमानाला ठेच लागली होती. मला मेरियनला दाखवायचं होतं की मी बॅरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज गाइरांगरच्या खाडीत शिरत होतं. सगळे प्रवासी धबधबे बघायला वर धावले. मी मात्र आमच्या बोळात उभा राहिलो. माझा बेत साधा होता. हस्तांदोलन करायचं, आणि तळहातात घडी केलेली नोट त्याच्या हातात सरकवायची. मोठ्या हॉटेलांत रुबाबदार माणसं असं करताना मी पाहिलंय. त्यांचा कोट चांगला असतो, एवढं लक्षात घ्यायचं राहिलं.

रॉडेलिओ आला. पण दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत टॉवेल. मी हात पुढे केला. तो हसला, पण हात कुठून देणार? माझा हात तसाच हवेत. अशा वेळी शहाणा माणूस हात मागे घेतो. मी तो पुढे नेला आणि नोट त्याच्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. पहिल्या झटक्यात गेली नाही. दुसऱ्यांदा कोंबली.

“सर, नको, सर,” तो घाबरून म्हणाला. “ही तर कालची हरवलेली ना?”

“गप्प बस, घे,” मी कुजबुजलो. “कुणाला सांगू नकोस.”

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि कोवाचबाई बाहेर आल्या. त्यांनी काय पाहिलं? एक म्हातारा प्रवासी, लाल तोंडाचा, त्यांच्या माणसाच्या खिशात हात घालून कुजबुजतोय. आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच मी ओरडलो, “मी याला काहीही दिलेलं नाही!”

त्या एका वाक्यानं मी सगळं संपवलं. अजून सकाळी दाढी करताना ते मला ऐकू येतं.

त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली लहान, खिडकी नाही, भिंतीवर चादरींचे नमुने. त्या फार सभ्यपणे बोलल्या. गेल्या हंगामात त्यांच्याच एका माणसानं म्हाताऱ्या प्रवाशांना घरच्या दुःखाच्या कथा सांगून पैसे उकळले होते. तेव्हापासून मागणं म्हणजे मोठा गुन्हा. “म्हणून विचारते. रॉडेलिओनं तुमच्याकडे पैसे मागितले का?”

“छे! तसं काही म्हणता येणार नाही.”

“मग कसं म्हणता येईल?”

आता, सरळ ‘नाही’ म्हणणं हे आमच्याकडे दार आपटण्यासारखं समजतात. आम्ही ‘नाही’च्या आधी थोडं अंथरूण घालतो. मी त्याच सवयीनं म्हणालो, “म्हणजे प्रत्यक्ष असं नाही मागितले. तो तसला माणूस वाटत नाही.”

त्यांनी लिहिलं. “घरच्या गोष्टी बोलला?”

“हो, अगदी मोकळेपणी! मुलगी नर्सिंग शिकते. फोटो पाहिले आम्ही. फी असतेच हो, कुठे नसते. आणि नाताळात घरी जायला मिळत नाही बिचाऱ्याला.” मला वाटत होतं, मी त्याची शिफारस करतोय. मी खुर्चीत पुढे सरकून, मन लावून शिफारस करत होतो. त्या भराभर लिहीत होत्या, आणि मला त्याचा आनंद होत होता.

“आणि मग तुम्हाला वाटलं, पैसे द्यावेत.”

“जरा दडपणच आलं होतं म्हणा ना.”

“दडपण? कुणाचं?”

“मेरियनचं. माझ्या बायकोचं.” पण तोवर त्यांनी वही मिटलेली होती.

उठता उठता मी विचारलं, “वर द्यायला बंदी आहे का हो?”

“मुळीच नाही,” कोवाचबाई म्हणाल्या. “नाव घालून द्या, चारचौघांत द्या, कुणी काही विचारत नाही. तुम्ही दोन्ही वेळा लपवलंत, मिस्टर विगमोर. लपवलेल्या गोष्टीची मला चौकशी करावी लागते.” आणि त्यांनी ती नोट मला परत दिली. पुन्हा सही घेऊन.

दुपारी केबिनीत नवा माणूस आला. उंच, चटपटीत. बिछाना सुरेख घातला, टॉवेल कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले. न्हाणीघरातलं स्टूल आमच्या केबिनीच्या सामानात नव्हतं, म्हणून ते उचलून घेऊन गेला. मेरियन आत गेली आणि तशीच बाहेर आली.

“माझं स्टूल कुठंय? रॉडेलिओ कुठंय?”

मी सगळं सांगितलं. मधेच सांगता सांगता थोडं अंथरूण घालायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, “सरळ सांग,” आणि मी सरळ सांगितलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं काठी घेतली आणि एकटी निघाली. मी मागे निघालो, तर म्हणाली, “तू बस. तू बोललास की माणसं नोकरीला मुकतात.”

ती बऱ्याच वेळानं आली. पलंगावर बसली. तो पलंग आता खाली आला होता, तिला बसताना त्रास झाला, आणि मला हात द्यायचं धैर्य झालं नाही.

“कोवाच वाईट बाई नाही,” ती म्हणाली. “मी सांगितलं, फोटो मी मागितले, त्यानं दाखवले नाहीत. तिनं ऐकून घेतलं. नोकरी राहील त्याची. पण कागद सकाळीच वर गेलेत आणि सुपरवायझरची जागा दुसऱ्याला दिलीय. पुढच्या वर्षी बघू म्हणाली. आता लाँड्रीत आहे तो, खाली. प्रवाशांपासून लांब.” मग काठी बाजूला ठेवून म्हणाली, “नाताळ गेला त्याचा, हेडली.”

मला तेव्हा फार वाईट वाटलं. हे मी उगाच सजवून सांगत नाही. इतकी वर्षं लोकांच्या पाण्याच्या तक्रारी ऐकल्या, पण आपल्यामुळे कुणाचं काही इतकं नीट, इतक्या शिस्तीत बिघडलेलं मला आठवत नाही. आणि बिघडवलं ते कंजूषपणानं नव्हे, हे आणखी वाईट. कंजूष माणसाला निदान पैसे तरी उरतात.

शेवटच्या दिवशी बॅरी बोळात उभा राहून पेपरमिंट वाटत होता. मला पाहून म्हणाला, “काय सांगितलं होतं मी? वर एक पेनी द्यायची नाही! ऐकलं असतंस तर तो बिचारा आज इथे असता.” आणि हे अक्षरशः खरं होतं. बॅरी खरा ठरला हे दुःख मी वेगळं मोजतो.

तो पुढे गेला तशी ग्लेनिस मेरियनजवळ सरकली. “आमच्या बाजूच्या केबिनी करणाऱ्या मुलाला मी पहिल्याच दिवशी देते गं,” ती म्हणाली. “हातात ठेवते, आणि सांगते, हे तुझ्यासाठी, आमचा फार पसारा असतो. दरवेळी देते. बॅरीला माहीत नाही. त्याला वाटतं, पेपरमिंटमुळे आपले टॉवेल मऊ असतात.”

मेरियननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

साउदॅम्प्टनला पाऊस भुरभुरत होता. आम्ही सामानाच्या शेडकडे निघालो. जहाजाच्या बाजूचं खालचं दार उघडं होतं, तिथून मळक्या चादरींच्या जाळीच्या गाड्या बाहेर काढत होते, आणि एक गाडी ढकलत होता रॉडेलिओ. मेरियननं काठी वर करून हलवली. त्यानं आम्हाला ओळखलं. आणि तो हसला, पूर्वीसारखाच हसला. गाडी तशीच सोडून दोन पावलं आमच्याकडे आला.

मी दिवसातून चाळीस वेळा ‘थँक यू’ म्हणणारा माणूस आहे. बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतो, पैसे देताना दुकानदाराला म्हणतो, आपोआप उघडणाऱ्या दारालाही एकदा म्हणालोय. रॉडेलिओलाही म्हटलं असणारच, टॉवेल घेताना, चहा घेताना, तोंडातल्या तोंडात. पण त्याच्यासमोर उभं राहून, त्याचं नाव घेऊन, स्टुलाबद्दल, आल्याच्या बिस्किटांबद्दल आणि त्या हत्तीबद्दल मी एकदाही म्हटलं नव्हतं. आता म्हणणार होतो. माफीही मागणार होतो, चारचौघांत, मोठ्यानं, पुढे बॅरी उभा असला तरी. डोळे ओले झाले, आणि मी खिशात हात घातला.

रॉडेलिओनं तो हात पाहिला. त्याचं हसू गेलं. दोन्ही तळवे त्यानं माझ्यापुढे धरले. “नको सर, प्लीज, नको,” म्हणत तो मागे मागे सरकला, वर जहाजाच्या कठड्याकडे एकदा पाहिलं, गाडीमागे वळला आणि त्या काळोख्या दारातून आत गेला.

माझा हात खिशातून बाहेर आला तेव्हा तिथे नुसत्या चादरी होत्या.

“रुमाल काढत होतो मी,” मी मेरियनला म्हणालो.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “त्याला नाही.”